खांद्यावरचा दाब

कुरणे सरांचा हात खांद्यावर पडल्याशिवाय पोरगं पोलीस होत नाही, असं मैदानावर म्हणायची पद्धत होती. वर्दी सरकार देतं, पगार सरकार देतं, पण पोलीसपण कुरणे सरांकडूनच घ्यावं लागतं. यात थोडी चेष्टा होती आणि बरंचसं खरं होतं. जिल्ह्यात कुणी हत्यार घेऊन घरात कोंडून बसला, कुणाला ओलीस धरलं, की दार फोडून आत शिरणारं जे पथक, ते धम्मपाल कुरणेनं उभं केलेलं होतं. पथकाच्या पुढं राहून तो काम करत आला आणि काम नसेल तेव्हा शिकवत आला. त्याच्या हाताखालची पोरं आता ठिकठिकाणी फौजदार झाली होती. सणावाराला त्यांचे फोन यायचे आणि प्रत्येक जण म्हणायचा, सर, खांदा अजून दुखतोय.

मैदानाच्या कडेला पत्र्याचं आणि भंगारातल्या दारांचं एक खोटं घर होतं. रोज त्याच्या दारातून आत जायचं आणि रोज अपमान करून घेऊन बाहेर यायचं, म्हणून पोरं त्याला सासरवाडी म्हणायची. सासरवाडीच्या भिंतीला चिकटून रांग लागायची. सगळ्यात पुढं ढालवाला. मग प्रत्येकाचा डावा हात पुढच्याच्या खांद्यावर. बोलायचं नाही, खोकायचं नाही, मागं वळून बघायचं नाही. ढालीच्या मागची दुसरी जागा धम्मपालची. कानातलं यंत्र रांगेत फक्त त्याच्याकडं. त्यात वरिष्ठांचा आदेश आला की तो ढालवाल्याचा खांदा एकदा आवळायचा. तो दाब म्हणजे हुकूम.

"दाब आला की जायाचं," तो सांगायचा. "खरा का खोटा, लवकर का उशिरा, असला इचार दारात करायचा न्हाई. दारात इचार करत उभारला, त्यो मेला. आन् ढाल आत गेली की म्हागच्यानं तिला चिकटून जायाचंच, मग आभाळ पडू दे. ढाल एकटी सोडायची न्हाई."

पहिला नियम पुढच्यासाठी, दुसरा मागच्यासाठी. बाकी सगळं शिकवणं म्हणजे या दोन नियमांचं रटाळ पाठांतर. उन्हात पोरं वैतागायची, पण खरोखरीच्या दारात उभं राहिल्यावर तेवढंच आठवायचं.

धम्मपालचा बाप पेठ वडगावच्या बाजारात हमाल होता. त्याच्या खांद्यावर पोत्यांनी घट्टा पडलेला. आजोबांचा हात तर गावात कुणी खांद्यावर ठेवून घेतला नसता. बाजाराच्या दिवशी चुकून धक्का लागला तरी लोक अंग चोरायचे, ही गोष्ट घरात वरचेवर सांगितली जायची. आणि आता पाटलाचं पोर असो, जंगमाचं असो, मुल्लाचं असो, भिंतीला उभं राहून श्वास रोखून वाट बघायचं, की सरांचा हात कधी खांद्यावर येतो. धम्मपाल हे कुणाला बोलून दाखवत नसे. पण त्याला त्या हाताचा अभिमान होता. बढतीपेक्षा, छातीवरच्या पदकापेक्षा जास्त होता. माणसाला एवढा अभिमान ज्या गोष्टीचा असतो, तीच कधीकधी त्याच्यावर उलटते.

मागच्या दिवाळीत बायकोच्या, क्रांतीच्या, लक्षात आलं की चहाची बशी धरताना त्याचा डावा हात थरथरतोय. सुरुवातीला दोघांनीही थंडीवर ढकललं. थंडी गेली, थरथर राहिली. कोल्हापुरातल्या डॉक्टरकडं गेलं तर चार ओळखीचे पोलीस भेटणार, म्हणून दोघं गुपचूप मिरजेला जाऊन आले. कंपवात, डॉक्टर म्हणाले. गोळ्या आहेत, चालू ठेवा, ताण घेऊ नका. ताण घेऊ नका हे पोलिसाला सांगणं म्हणजे माशाला भिजू नको म्हणून सांगणं. क्रांतीला त्या दुःखातही जरा हसू आलं.

निवृत्ती पावसाळ्यावर आली होती. खात्याला सांगितलं असतं तर तपासणी, मग हत्यार जमा, मग एखाद्या टेबलाला बसून आवक-जावक. पथकाच्या रांगेतून टेबलावर जाऊन निवृत्त व्हायचं, हे धम्मपालच्या गळ्याखाली उतरेना. त्यानं मनाची समजूत घातली: हात डावा आहे. बंदुकीचा घोडा ओढायचा उजव्यानं, उजवा दगडासारखा स्थिर आहे. थोडे महिने तर काढायचे. सकाळी एक गोळी घ्यायची आणि डाव्या हातात कायम काहीतरी धरून ठेवायचं, पट्टा, काठी, नाहीतर पुढच्याचा खांदा.

बंदुकीची गोळी उजवा हात मारतो खरी, पण त्याच्या पथकात बोलायचं काम डाव्याकडं होतं. शिकवणाऱ्यालाच त्याचा विसर पडला.

ढाल स्नेहलकडं होती. स्नेहल कागलच्या बाजूची, शेतकऱ्याची पोर, पोलिसात यायच्या आधी कुस्ती खेळलेली. भरदार मान, जमिनीत रुतलेले पाय. सरांनी ढाल तिच्या हातात दिली तेव्हा पोरं कुरकुरली, की पोरीच्या आडोशानं आत जायचं का. धम्मपाल म्हणाला, "तिला जो पाडंल त्यानं ढाल घ्यावी." दोघांनी प्रयत्न केला आणि दोघांच्याही कपड्यांना माती लागली. त्यानंतर प्रश्न आला नाही. तिसऱ्या जागी कृष्णात, कुरुंदवाडचा. घरी म्हशी, त्यामुळं सुट्टीवरून येताना बासुंदीचा डबा आणायचा आणि सरांच्या गाडीत ठेवून न बोलता निघून जायचा. स्नेहलला तो पैलवान म्हणायचा. ती त्याला खवा म्हणायची.

फेब्रुवारीत एका दुपारी कागलच्या पुढं, महामार्गाला लागून असलेल्या खोल्यांच्या ओळीत गुंडू नावाचा ट्रॅक्टरवाला कोंडून बसला. बायको भांडून माहेरी गेली होती. ती आणून द्या, नाहीतर म्हातारीला मारतो आणि मी मरतो, असं तो खिडकीतून ओरडत होता. म्हातारी म्हणजे त्याची स्वतःची आई, बयाबाई. हातात गावठी कट्टा. पुढच्या खिडकीपाशी उपअधीक्षक राजवर्धन साहेब त्याच्याशी बोलत होते आणि मागच्या दाराला पथकाची रांग लागली होती. पुढं स्नेहल, मग धम्मपाल, मग कृष्णात, त्याच्यामागं बाकीचे.

रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून चालल्या होत्या. भिंत तापली होती. तासभर तसंच उभं. मग कानात साहेबांचा आवाज आला, "थांबा. कुणी हलू नका. चहा मागतोय तो." धम्मपालला बरं वाटलं. माणूस चहा मागायला लागला की निम्मं काम झालं, हे त्यानंच साहेबांना ते नवीन असताना सांगितलं होतं. आता दहा-पंधरा मिनिटांत गुंडू रडत बाहेर येणार, बयाबाई पोलिसांनाच शिव्या देणार आणि सगळे घरी जाणार.

तेवढ्यात स्नेहलच्या खांद्यावरचा त्याचा हात थरथरायला लागला.

सकाळच्या गोळीचा जोर ओसरला होता. आधी अंगठा, मग पंजा. आयुष्यभर तो दारांसमोर उभा राहिला, पण असा घाबरला नव्हता. कट्ट्याची भीती नव्हती. पोरीच्या खांद्याला कळेल, याची होती. तिला कळलं की उद्या कृष्णातला कळणार, परवा मैदानाला. कुरणे सरांचा हात कापतोय. त्यानं दात आवळले आणि थरथर थांबावी म्हणून पंजा घट्ट आवळला.

स्नेहल गेली.

एका लाथेत दार उघडलं आणि ती ढालीसकट आत. मागोमाग धम्मपालनं जायला हवं होतं. ढाल एकटी सोडायची नाही. पण तो उभा राहिला. आदेश नव्हता, हे त्याला ठाऊक होतं, आणि दाब खोटा होता हे त्या अख्ख्या रांगेत त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. म्हणून त्यानं दारात विचार केला. फार नाही, एक श्वास. कृष्णातला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच दिसलं की ढाल एकटी गेली आणि सर जागचे हलेनात. तो सरांना खांद्यानं बाजूला सारत त्यांच्याच जागेवर आत घुसला.

गोळी कृष्णातच्या चिलखताच्या वर, मानेला लागली. स्नेहलनं ढालीखाली गुंडूला असा दाबला की त्याला हूं करता येईना. बाजेवर बसलेली बयाबाई ओरडत होती, "माझ्या लेकराला मारू नगासा." चहाचा कप पुढच्या खिडकीत तसाच होता.

इस्पितळाच्या बोळात राजवर्धन साहेबांनी धम्मपालला गाठलं. आत कृष्णात ऑपरेशनच्या टेबलावर होता. साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता.

"कुरणे, मी थांबा म्हटलं होतं. तुम्ही दाब दिलात?"

"आदेशच नव्हता साहेब," धम्मपाल म्हणाला. "मी दाब दीन कसा?"

वाक्य बघा कसं होतं. त्यात खोटा शब्द एकही नाही. मुरलेल्या वकिलालाही सुचलं नसतं ते वाक्य, शिकवलेलं पोर आत मरत असताना, माणसाला सुचलं. भिंतीपाशी स्नेहल उभी होती, दोन्ही हातांवर कृष्णातचं रक्त वाळलेलं. तिनं वाक्य ऐकलं. तिचा उजवा हात आपोआप डाव्या खांद्याकडं गेला आणि तिथंच थांबला.

कृष्णात संध्याकाळ व्हायच्या आधीच गेला.

पुढचे दिवस वाईट गेले. सलामी झाली, पेपरात फोटो आले, नेतेमंडळी येऊन गेली. लोक म्हणाले, पोरानं नाव काढलं. आणि मैदानावर हळूहळू दुसरी गोष्ट शिजायला लागली. आदेश नसताना पैलवान घुसली. शहाणपणा केला. मेडल पायजे असंल. सासरवाडीच्या भिंतीला रांग लागली की पोरं एकमेकांना कोपरानं ढकलायची, पण तिच्या मागं कुणी जाईना. "तिच्या म्हागं कोण उभारणार?" एक जण बोलला, मुद्दाम मोठ्यानं. स्नेहल ढाल घेऊन एकटीच भिंतीला उभी राहिली, जरा वेळानं ढाल खुंटीला अडकवून निघून गेली. धम्मपाल काठी डाव्या हातात धरून लांबून बघत होता. एक शब्द बोलला असता तर पुरला असता, आणि तोच त्याच्या तोंडून निघेना.

दोन दिवसांनी ती त्याच्यापुढं आली.

"सर, मी साहेबांस्नी सांगणार हाय. चूक माझी झाली म्हणून."

"तुला काय वाटतंय?" त्यानं विचारलं. विचारताना त्याला स्वतःची शिसारी आली.

"मला दाब आल्यागत वाटलं हुतं. म्हंजे... लई वेळ उभारलो हुतो, उनात. मनाचं खेळ असत्यात. तुमी न्हाई म्हणतायसा म्हंजे न्हाईच की. पर सर, मी रोज तेच आठवतोय. झोपंतबी मला त्यो दाब येतोय. म्हणून म्हणतोय, मला पथकातनं काढा. माझ्या खांद्यावर माझाच इस्वास ऱ्हायला न्हाई."

त्या बाजूच्या बाया बोलताना अशाच बोलतात, मी जातो, मी करतो. एरवी पोरं तिची चेष्टा करायची. आज धम्मपालला ते ऐकवेना. पोरीनं स्वतःच्या हाडामांसाला खोटं ठरवलं होतं आणि त्याच्या शब्दाला खरं. गुरूला याहून मोठा मान कुणी देत नाही, आणि याहून मोठी शिक्षाही.

कृष्णातच्या मासिक श्राद्धाच्या दिवशी सगळे कुरुंदवाडला गेले. कृष्णातचा बाप, केरबा, गोठ्यापुढं पोतं टाकून बसला होता. म्हशी हंबरत होत्या. त्यांना घरात काय झालंय त्याच्याशी देणंघेणं नसतं, वेळेला वैरण लागते. केरबानं धम्मपालला शेजारी बसवून घेतलं आणि त्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरला.

"सायेब, पोरगं म्हणायचं, आमचं सर हायेत तवर मला काय हुईत न्हाई. आईला त्येच सांगून गेलतं." डोळे पुसून तो पुढं म्हणाला, "तुमचा काय दोस न्हाई. तुमी शिकिवलं तसंच त्येनं केलं."

धम्मपालला उठून पळून जावंसं वाटलं. तुम्ही शिकवलं तसंच त्यानं केलं. खरंच होतं. कृष्णातनं शिकवलेलं केलं, स्नेहलनं शिकवलेलं केलं. शिकवणाऱ्यानं तेवढं केलं नाही.

बाहेर गाडीपाशी स्नेहल उभी होती. आत यायचं तिचं धाडस होईना. केरबानं तिकडं बघितलं आणि आवाज चढवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "त्या पोरीला सांगा, हितनं फुडं ह्या दारात पाय ठिऊ नगो. घाई तिची आन् लेकरू माझं." स्नेहलनं मान खाली घातली आणि जाऊन गाडीत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रांतीनं चहा त्याच्यापुढं ठेवला. बशीत त्याची गोळी होती. ती अंगणवाडीत निघाली होती, पण पर्स खाली ठेवून समोर बसली.

"आज काय हाय मैदानावर?"

"साहेब येणार हायेत. त्या दिवशी कोण कुठं उभारलं हुतं, तसं उभं करून बघणार. मग स्नेहलचा जबाब. ती चूक कबूल करणार म्हणतीया."

क्रांती जरा वेळ त्याच्या हाताकडं बघत राहिली.

"अवो, एक इचारू? ह्यो हात माझ्याबी खांद्यावर असतोय. झोपंत थरथरला की तुमी आवळताय. थांबावा म्हणून. मला रोज कळतंय." तिनं आवाज चढवला नाही. "त्या दिवशीबी आवळला हुतासा न्हवं?"

महिनाभर हा प्रश्न कुणी विचारू नये म्हणून धम्मपाल जगत होता आणि तो स्वतःच्या स्वयंपाकघरात, चहाच्या कपावर विचारला गेला.

"व्हय," तो म्हणाला.

"मग?"

"सांगितलं तर माझ्याकडं काय ऱ्हातंय, क्रांती? सगळं ह्या हातावर हुतं. कोण कुठला मी, हमालाचं पोर. लोकांनी ह्यो हात खांद्यावर घेतला. आता म्हणतील, थरथऱ्या हातानं पोरगं मारलं."

"म्हणतील की," क्रांती म्हणाली. "त्या पोरीला म्हणत्यातच की. तिच्याकडं काय ऱ्हायलंय?"

ती पर्स उचलून निघाली. दारात थांबून मागं न बघता म्हणाली, "तुमच्या आज्ज्याला लोकांनी बिनगुन्ह्याचं लांब उभं केलं. तुमी तिला उभं केलंसा." आणि गेली.

हे वाक्य त्याला गोळीसारखं लागलं. चहा गार झाला. मग उठून त्यानं वर्दी चढवली, बुटाच्या नाड्या उजव्या हातानं कशाबशा बांधल्या. बशीतली गोळी बशीतच राहिली.

मैदानावर राजवर्धन साहेब आधीच आले होते. सोबत दोघं-तिघं अधिकारी. सासरवाडीच्या भिंतीला रांग लागली. पुढं ढाल घेऊन स्नेहल, तिच्यामागं धम्मपाल. तिसरी जागा रिकामी ठेवायला साहेबांनी सांगितलं. रिकाम्या जागेमागच्या पोराला हात कुठं ठेवावा ते कळेना, त्यानं तो पट्ट्यात अडकवला.

"त्या दिवशी होतात तसेच उभे राहा," साहेब म्हणाले. "मी आदेश देणार नाही. स्नेहल, तुम्हाला नेमकं केव्हा आणि कसं वाटलं, ते तिथूनच सांगायचं."

"जी साहेब."

धम्मपालनं डावा हात तिच्या खांद्यावर ठेवला. खांदा कडक झाला. महिनाभरात तिच्या खांद्याला कुणाचा हात लागला नव्हता. ऊन चढत होतं. आज गोळी नव्हती, त्यामुळं फार वाट बघावी लागली नाही. आधी अंगठा हलला, मग पंजा, मग मनगटापर्यंत सगळा हात. त्यानं तो लपवला नाही. मागच्या पोरांना दिसत होतं. एकानं दुसऱ्याकडं बघितलं. साहेब एक पाऊल पुढं आले आणि थांबले.

"सर?" स्नेहल समोर बघतच हळू म्हणाली. मागं वळून बघायचं नाही, हे तिच्या अंगात भिनलेलं होतं.

"फुडं बघ," धम्मपाल म्हणाला.

आणि त्या दिवशी केलं होतं तसंच त्यानं केलं. थरथर थांबावी म्हणून पंजा घट्ट आवळला.

स्नेहल गेली. भंगारातलं दार धाडकन उघडून पत्र्यावर आपटलं. आणि या वेळी धम्मपाल तिच्यामागं गेला, चिकटून, शिकवत आला होता तसा, त्याच्या स्वतःच्या जागेवर. आत रिकामी खोली होती. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे पडले होते. दोघंही धापा टाकत उभे राहिले. दोन पावलांच्या कामाला धाप लागायचं कारण नव्हतं.

"आला, सर," ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली. तिचा आवाज फुटत होता. "आत्ता आला. अगदी आस्साच हुता."

"त्या दिवशीबी आला हुता, पोरी." तो मोठ्यानं बोलला, दारात उभ्या राहिलेल्या साहेबांना आणि त्यांच्यामागच्या पोरांना ऐकू जाईल असा. "आदेश नव्हता. हात थरथरत हुता, त्यो थांबवाया मी आवळला. गेल्या दिवाळीपास्नं आजारी हाय हात. मी कुणाला सांगितलं न्हाई. तू बरोबर गेलीस. तुझा खांदा खरा हाय."

साहेबांनी टोपी काढून हातात घेतली. बाहेर कुठंतरी दुसऱ्या तुकडीची कवायत चालली होती, तेवढा आवाज येत राहिला.

धम्मपालला वाटलं, आता ती रडेल. किंवा ओरडेल, शिव्या देईल. त्याची त्याला तयारी होती. जरा हलकंही वाटायला लागलं होतं. बोलून टाकलं की माणसाला वाटतं, फिटलं.

स्नेहलनं ढाल जमिनीवर टेकवली आणि ती वळली. इतक्या वर्षांत या खोलीत ती पहिल्यांदाच मागं वळून बघत होती. तिनं त्याच्या हाताकडं बघितलं. हात अजून थरथरत होता. त्या हातावर तिचा राग दिसला नाही. मग तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"हाताचं मला कळलं, सर," ती म्हणाली. "दाब चुकून आला. पर मी आत गेलो तवा तुमी म्हागं का आला न्हाईसा?"

दारातली पोरं त्याच्या उत्तराची वाट बघत उभी राहिली.